निर्दयी बापाची भूमिका

"ते बापाचं काम कुणी घेईना म्हणत्यात. मी करतो," बाबगोंडा आण्णा दारातूनच म्हणाले.

शाळेच्या हॉलमध्ये आम्ही सहा-सात जण तालमीला जमलो होतो. पोस्टातला धनपाल चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबला. अंगणवाडीतली शोभा नाटकात आईचं काम करायची. तिनं उगीचच पदर सारखा केला. मी तर नजर चोरली. कारण नाटक मी लिहिलं होतं, आणि त्यातला बाप म्हणजे दारात उभा असलेला हाच माणूस होता.

हे गावात कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती. आठ वर्षांपूर्वी आण्णांच्या त्रिशलानं सुताराच्या विलासशी कोल्हापूरला जाऊन नोंदणी पद्धतीनं लग्न केलं होतं. आम्ही जैन, ते सुतार. आमच्या शिरोळ तालुक्यात त्या वेळी ही गोष्ट पचणारी नव्हती. त्याच दिवशी संध्याकाळी दोघं तिच्या आप्पांच्या, म्हणजे आण्णांच्या, पाया पडायला घरी आली. आण्णांनी त्यांना दारात बघितलं, दार लावून घेतलं आणि आतून त्यांचा खणखणीत आवाज आला, "दिवस मावळतोय. वाढ!"

आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, पाण्याचा थेंबही घेत नाहीत. म्हणजे पोटची पोर बाहेर उभी असताना या माणसाला चिंता कसली, तर जेवणाची वेळ टळेल याची! ते वाक्य गल्लीतल्या चार घरांनी ऐकलं आणि महिन्याभरात तालुकाभर झालं. त्रिशला आणि विलास मिरजेला गेली ती पुन्हा गावात आली नाहीत.

त्या लग्नाला साक्षीदार म्हणून माझी सही होती. विलास माझा वर्गमित्र. तेव्हापासून आण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. रस्त्यात समोरासमोर आलो की ते मान वळवायचे आणि मी सायकलची घंटी उगीचच वाजवायचो. आठ वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य म्हणजे हे, बापाचं काम मी करतो.

"आण्णा, तुम्ही नाटक वाचलंय का?" मी चाचरत विचारलं.

"धनपालकडनं वही नेलती. दोनदा वाचली."

मी धनपालकडे बघितलं. तो कपातल्या सायीकडे बघत होता.

"मग काय म्हणता?" मी विचारलं.

"मी कशाला काय म्हणू? माणूस पाहिजे का नको तुला, मास्तर?"

माणूस तर पाहिजेच होता. गावच्या वाचनालयाला पन्नास वर्षं पुरी होत होती आणि त्यासाठी बसवलेलं नाटक तीन आठवड्यांवर आलं होतं. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो. तालुक्याच्या साप्ताहिकात माझ्या दोन कथा छापून आल्या होत्या, तेवढ्यावर गावानं मला लेखक करून टाकलं होतं आणि मीही ते मनावर घेतलं होतं. नाटकाला नाव दिलं होतं 'पाषाणहृदयी'. आज वीस वर्षांनी ते नाव लिहितानासुद्धा कान गरम होतात.

मी आपल्या परीनं खरा माणूस झाकला होता. नाटकातल्या बापाला सरनोबत आडनाव दिलं, झुपकेदार मिशा दिल्या, हातात चांदीच्या मुठीची काठी दिली. आण्णा म्हणजे सडसडीत, सफाचट तोंडाचे, खांद्यावर टॉवेल टाकून उसात पाणी पाजणारे. कुणी ओळखणार नाही अशी माझी समजूत. पण शेवटच्या प्रवेशात ते वाक्य मी जसंच्या तसं ठेवलं. "दिवस मावळतोय. वाढ!" एवढं तयार, बिनतोड वाक्य फुकटात मिळालेलं, ते टाकून द्यायला हात होईना. पहिल्याच वाचनाला ते आलं आणि हॉलमध्ये सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्यानंतर सरनोबताचं काम घ्यायला कुणी तयार होईना. कलगोंडानं आधी हो म्हटलं होतं, तर त्याच्या आईनं त्याला शपथ घातली.

आणि आता हे. तरुणपणी आण्णांनी गावच्या नाटकांत राजाची, सेनापतीची कामं गाजवलेली होती. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं, कारण नाही म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं.

"करा," मी म्हटलं.

"मग बसू या," म्हणून आण्णांनी टॉवेल झटकला आणि सतरंजीवर मांडी घातली.

दुसऱ्या दिवसापासून माझी परीक्षा सुरू झाली. आण्णा रोज दुपारी तीनला हजर. वही उघडायची, चष्मा लावायचा आणि विचारायचं.

"मास्तर, पहिल्या प्रवेशात ह्यो गड्याला लाथ घालतोय. कशापायी?"

"दुष्ट आहे म्हणून, आण्णा."

"ते झालं. पण गड्यानं काय केलं हुतं?"

"काही नाही. म्हणजे, तसं लिहिलेलं नाही."

"असं व्हय." त्यांनी पान उलटलं. "आन् हितं बायकोला थोबाडीत मारतोय. त्याच्या आधी काय झालतं?"

"आधी काही नाही. पडदा उघडतो आणि मारतो."

"पडदा उघडला म्हणून मारतोय?"

शोभा खुदकन हसली. मी चिडलो. म्हटलं, "आण्णा, काही माणसं असतात तशी. कारण नसताना वाईट वागतात."

"असतील की. मला गाठ पडली न्हाईत," ते शांतपणे म्हणाले. "ह्याच्या घरी जनावरं हायत का?"

"लिहिलेलं नाही."

"एवढा मोठा वाडा लिहिलास, गोठा न्हाई? असंल धर. म्हैस अडली तर डॉक्टरला आणायला कोण पळतंय? ह्योच का गडी?"

"त्याचा नाटकाशी काय संबंध?"

"नाटकाशी न्हाई रे. माझ्याशी हाय. मला ह्याच्या अंगात शिरायचं हाय, अन् तू मला नुसत्या मिशा दिल्यास."

त्या वयात असलं बोलणं सहन होत नाही. घरी जाऊन मी बायकोला म्हटलं, हा माणूस स्वतःची वकिली करायला आलाय. ती म्हणाली, मग शब्द बदलून मागतो का? आणि गंमत अशी की एक शब्दही ते बदलून मागत नव्हते. शब्द तुझे, ते मी जसेच्या तसे म्हणणार, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मिशा तेवढ्या काढायला लावल्या, काठी नको म्हणाले. आणि थोबाडीत मारायच्या जागी त्यांनी हात उचलला, शोभाकडे बघितलं, आणि हात खाली घेऊन स्वतःच्या धोतराचा सोगा झटकला. बस, एवढंच. शोभा नंतर म्हणाली, "सर, मारलं असतं तर बरं झालं असतं. आता पुढचा सगळा प्रवेश मला वाटत राहतंय, कवा मारतील."

मी वहीत खदाखदा हसणं लिहिलं होतं. बाप दार लावतो आणि खदाखदा हसतो.

"ह्ये हसायचं जमणार न्हाई," आण्णा म्हणाले.

"का?"

"दारात पोरगी उभी असताना कोण हसतंय?"

ते वाक्य त्यांनी सरनोबताबद्दल म्हटलं की स्वतःबद्दल, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मी हसणं काढून टाकलं.

मग आला शेवट. मी म्हटलं, "तुम्ही दार लावता, पुढं येता आणि म्हणता, दिवस मावळतोय, वाढ. की लगेच पडदा."

"पडदा? मग जेवायचं कधी?"

"जेवायचं नाही आण्णा. तिथं नाटक संपलं."

"ताट मागितलं अन् जेवला न्हाई?"

"जेवला असेल आत."

"आत न्हाई. मागितलंय ना, मग लोकांपुढं जेवू दे. किती खाल्लं असंल ह्यानं?"

"ते मला काय माहीत?"

"मग लिहिलंस कसं?"

आण्णांनी चष्मा काढला, टॉवेलानं पुसला.

"दोन भाकऱ्या," ते म्हणाले. "लिहून घे. दोन भाकऱ्या, ताट पुसून."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सातबाऱ्याचा उतारा वाचून दाखवावा तसा तो चेहरा कोरडा होता. मी खाली मान घालून लिहून घेतलं.

त्या दिवसापासून आण्णांच्या बायकोनं, सुशीलाकाकूंनी, भरलेला डबा तालमीला यायला लागला. शेवटच्या प्रवेशात आण्णा दार लावायचे, पाटावर बसायचे आणि खरोखर जेवायचे. घाईनं नाही, सावकाश नाही. शेतावरून दमून आलेला माणूस जेवतो तसे. एक भाकरी, दुसरी भाकरी, शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून घ्यायचे. मी घड्याळ लावलं, सहा मिनिटं. सहा मिनिटं रंगमंचावर एक अक्षर नाही, आणि दाराच्या पलीकडे मुलीचं काम करणारी पोर हुंदके देत उभी.

"मास्तर, नाटक आहे का खानावळ?" धनपाल माझ्या कानात म्हणाला.

मी हसलो, पण बघवत नव्हतं. रोज त्या सहा मिनिटांत आण्णांचा मला नव्यानं राग यायचा. आणि खरं सांगायचं तर आतून मी खूशही होतो. मी लिहिलेल्या थपडा-लाथांपेक्षा हे जेवण कितीतरी भयंकर होतं. गाव या माणसाच्या तोंडावर थुंकेल, असं मला वाटलं. आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलेलं असेल.

म्हणूनच मी विलासला मिरजेला पत्र टाकलं. 'नाटकाला त्रिशलाला घेऊन ये. बापाचं काम खुद्द आण्णा करतायत.' मनाची समजूत घातली की तिला न्याय मिळतोय. खरं म्हणजे तिनं येऊन बघावं आणि नेमूदादा, तू माझ्यासाठी केवढं केलंस असं म्हणावं, ही माझी हौस होती. विलासचं उलट टपाली उत्तर आलं: मी येणार नाही, तिचं तिनं ठरवलंय. पत्राचं मी आण्णांना सांगितलं नाही.

शेवटची तालीम संपल्यावर सगळे गेले आणि मी हॉलला कुलूप लावत होतो. आण्णा पायरीवर बसून डबा बांधत होते.

"पावणं कोण कोण बोलावल्यात?" त्यांनी विचारलं.

"सभापती आहेत. गटशिक्षणाधिकारी येतो म्हणालेत."

"आन्?"

"आणि आपले नेहमीचेच."

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले.

मला राहवलं नाही. "आण्णा, तुम्ही हे काम का घेतलंत?"

"कुणी घेईना म्हणून." त्यांनी डब्याची गाठ पक्की केली. "आन् दुसऱ्या कुणी केलं असतं तर मिशा पिळत केलं असतं."

आमच्या गावात नाटक मांडवात, दिवसाढवळ्या व्हायचं. एक तर संध्याकाळी लोडशेडिंग, आणि दुसरं म्हणजे निम्म्या गावाला दिवस मावळायच्या आत जेवायला घरी पोचायचं असायचं. म्हणून पडदा साडेतीनला उघडायचा आणि सव्वापाचला पडायचा, असा शिरस्ताच होता. त्या दिवशी सभापतींनी वाचनसंस्कृतीवर पाऊण तास भाषण ठोकलं. नाटक सुरू व्हायलाच सव्वाचार वाजले. विंगेत मी पाच मिनिटांगणिक घड्याळ बघत होतो. थंडीचे दिवस, सहाला सूर्य जाणार. पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं शेवट न बघताच उठून जातील, अशी धास्ती वाटत होती.

दुसऱ्या प्रवेशात मला त्रिशला दिसली. बायकांच्या बाजूला, कडेच्या खुर्चीवर, एकटी. निळी साडी, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बायकांनी तिला ओळखलं होतं आणि काय करावं ते कुणाला सुचत नव्हतं.

आण्णांना तोवर ती दिसली नसावी. त्यांचं काम ठरल्याप्रमाणे चाललं होतं. दार वाजलं. त्यांनी उघडलं, बघितलं, लावून घेतलं. पुढे आले. मांडवाच्या पश्चिमेला कनात नव्हती; खरा सूर्य समोरच्या उसाच्या शेंड्यांना टेकला होता.

"दिवस मावळतोय. वाढ!"

मांडवात कुणीतरी मोठ्यानं श्वास घेतला. शोभानं ताट मांडलं. आण्णा पाटावर बसले, भाकरीचा तुकडा मोडला, वर बघितलं, आणि तिथंच थांबले.

मी विंगेतून त्यांची नजर कुठं गेली ते बघितलं. कडेची खुर्ची.

तुकडा हातात तसाच. एक मिनिट गेलं. दाराआडच्या पोरीचे हुंदके संपले, तिला आणखी काय करायचं ते कळेना. शोभा माझ्याकडे बघायला लागली. मी हातानं खुणावलं, थांब. दोन मिनिटं गेली. आण्णांनी हात तोंडापर्यंत नेला आणि खाली घेतला. पुन्हा नेला, पुन्हा खाली. सूर्य उसामागे जात होता आणि गावातली सगळी जेवायची राहिलेली माणसं जागची हलत नव्हती. शेवटी उजेड तांबूस झाला, मग राखी झाला. आण्णांनी पश्चिमेकडे बघितलं. हातातला तुकडा ताटात ठेवला, ताटाला हात जोडले आणि ते बाजूला सरकवलं.

पडदा कुणी ओढला मला आठवत नाही. टाळ्या पडल्याच नाहीत. पुढच्या रांगेतले आदगोंडा पाटील, ज्यांनी त्या लग्नानंतर आण्णांना वाळीत टाकायची भाषा कधी केली नाही पण त्यांच्या ओट्यावरही कधी पाऊल ठेवलं नाही, ते उपरण्यानं डोळे पुसत होते. मी विंगेतल्या खांबाला धरून उभा राहिलो. माझं नाटक गावाला रडवून गेलं होतं आणि त्यात मी लिहिलेलं काहीही नव्हतं.

त्रिशला मागच्या बाजूनं आली. मला वाटलं, रडत येईल. ती तणतणत आली.

"नेमूदादा, हे तू लिहिलंस?"

"त्रिशला, बस तरी—"

"आप्पा जेवले होते! आई मला दोन वर्षांनी जयसिंगपूरला चोरून भेटली तेव्हा तिनं सांगितलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी बाहेर उभी होते आणि त्यांनी पोटभर खाल्लं. एवढं एक माझ्याकडं होतं, दादा. कुणी म्हणालं, बापाला माफ कर, तर मी म्हणायची, तो जेवला होता. आज गावापुढं ताट सरकवून बसले आणि सगळं गाव रडलं. आता मी कुणाला काय सांगू?"

मी कसल्या हौसेनं काय करून बसलो होतो, ते तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरत होतं. लाज वाटली.

"मी ते लिहिलं नव्हतं," मी म्हटलं. "वहीत जेवायचंच होतं. दोन भाकऱ्या, ताट पुसून. ते त्यांनीच मला लिहायला लावलं. पंधरा दिवस तालमीत ते रोज तसेच जेवले. पाहिजे तर शोभाला विचार, धनपालला विचार."

"रोज?"

"रोज. आज तू दिसलीस."

तिनं पर्सचा बंद हाताभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाली, "चल माझ्याबरोबर. एकटी नाही जाणार मी."

आण्णा घराबाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. तोंडाचा रंग पुसलेला, कानामागे थोडा राहिलेला. वीज गेलेली होती, पण अजून माणूस दिसावा एवढा उजेड होता. त्रिशलाला बघून ते उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले. काकू आतून दारापर्यंत आल्या आणि तोंडाला पदर लावून चौकटीला टेकल्या.

त्रिशला चार हातांवर थांबली. कसे आहात नाही, काही नाही.

"आप्पा, त्या दिवशी जेवला होता का नाही?"

"जेवलो."

"किती?"

"दोन भाकऱ्या."

"मी बाहेर उभी होते."

"ठावं हुतं. फटीतनं तुझी चप्पल दिसत हुती."

"आणि घास उतरला?"

"उतरला." ते थांबले. मग म्हणाले, "चव बी लागली."

मला वाटलं, अरे माणसा, आता तरी खोटं बोल. लेक आठ वर्षांनी दारात आली आहे, एवढं एक खोटं बोललास तर देव काही रागावणार नाही. पण ते तसेच तिच्याकडे बघत बसले होते.

"मग आज का केलंत नाटक?" त्रिशलाचा आवाज चढला. "आज कुणासाठी ताट सारलंत?"

"आज जेवायचंच ठरीवलं हुतं. झालं तसं दाखवायचं, अन् गावानं काय म्हणायचं ते म्हणू दे. तू समोर दिसलीस. मग उतरंना."

"त्या दिवशी उतरला आणि आज उतरला नाही. मला कळत नाही आप्पा, तुम्ही माणूस कसले आहात!"

आण्णा हातातल्या टॉवेलाच्या दशा सारख्या करत होते. बोलले तेव्हा आवाज नाटकातला नव्हता, तालमीतलाही नव्हता.

"त्या दिवशी ताटात वांगी हुती. भरलेली. सकाळी तू केलीस, झाकून ठेवलीस, मैत्रिणीकडं जाऊन येते म्हणालीस अन् गेलीस. तू दारात आलीस तवा मला राग तर एवढा आलता की डोळ्यापुढं अंधारी आली. दार लावलं. ताट पुढं आलं अन् बघतोय तर तुझी वांगी. उद्यापासनं ह्या हातचं खायला मिळणार न्हाई, एवढं कळत हुतं मला. टाकू व्हय ती?"

काकूंच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. त्या ताट वाढणाऱ्या, आठ वर्षं त्या घरात त्या माणसाबरोबर राहिलेल्या, आणि त्यांनाही हे आजच कळत होतं.

त्रिशला कट्ट्याच्या कडेला बसली. ती आता रडत होती, लहान पोरं रडतात तशी, नाक ओढत.

"दार उघडायचं होतं, आप्पा," ती म्हणाली. "आधी दार उघडायचं, मग जेवायचं."

"व्हय," आण्णा म्हणाले. "ते चुकलं."

एवढं म्हणायला त्या माणसाला आठ वर्षं लागली होती, आणि म्हणताना त्यांनी मानही खाली घातली नाही. मी निघायला हवं होतं, पण मी तिथंच उभा राहिलो. मला रडू येत होतं आणि कुणाच्या वतीनं येतंय ते कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्रिशलानं पदरानं तोंड पुसलं. काळोख पडला होता. उपाशी राहिलेल्या बापाकडे तिनं एकदा बघितलं. आता सकाळपर्यंत ते पाणीसुद्धा घेणार नव्हते, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आई," ती म्हणाली, "घरात वांगी आहेत का?"

काकूंनी नुसतीच मान हलवली, नाहीत.

"मळ्यात हायत," आण्णा म्हणाले. "उजाडलं की आणतो."